शुगरचा डॉक्टर वेगळा

जिलेबी आली की मनोहरभाऊ खिशातली पट्टी काढत, मधुमेहाची गोळी पाण्याशिवाय गिळत आणि म्हणत, "चला, मैदान साफ." सिलतऱ्याच्या कारखान्यात आम्ही पुष्कळ वर्षे समोरासमोर बसलो. कोणी तब्येत विचारली तर उत्तर ठरलेले असे: "शुगर होती मले. आता गोळी आहे."

रक्ततपासणीआधी दोन दिवस ते गोड सोडत. रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटत. "फर्स्ट क्लास पास झालो, बाबू." ते पेढे मीही खाल्ले आहेत.

निवृत्तीनंतर त्यांचा गुडघा दुखू लागला, म्हणून मी त्यांना तात्यापाऱ्यातल्या घरून शंकर नगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डॉक्टरांनी विचारले, "शुगर, बीपी, किडनी की कोई तकलीफ? कोई दवा चल रही है?"

"नहीं साहब. बस, ये घुटना परेशान कर रहा है."

गोळ्यांची पट्टी त्यांच्या खिशातून दिसत होती. मी भिंतीकडे पाहिले. वडीलधाऱ्या माणसाला परक्यासमोर खोटे पाडू नये, असे मला वाटले. निदान तसे वाटले होते, असे मी मानत आलो आहे.

बाहेर आल्यावर विचारले, "भाऊ, काहून नाही सांगितलं?"

"अरे, घुटन्यासाठी गेलो न आपण. शुगरचा डॉक्टर वेगळा आहे."

दुखणे थांबले. आठवड्यापुरत्या लिहून दिलेल्या गोळ्या ते दुकानातून आणून कितीतरी महिने घेत राहिले. मग पाय सुजले. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले: मधुमेहाने मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली होती, दुखण्याच्या गोळ्यांनी उरलेली ताकद घेतली. मधुमेह आहे हे कळले असते, तर आधी रक्त तपासले असते आणि त्या गोळ्या टाळल्या असत्या.

भाऊ पलंगावरून म्हणाले, "म्हणजे या डॉक्टर लोकांची एकमेकांशी ओळख आपणच करून द्या लागते."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तेरवी झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो.

"भाऊजी, त्या घुटन्याच्या डॉक्टरनं विचारलंच नसन न काही?"

"विचारलं होतं, वहिनी."

"मंग?"

"भाऊ नाही म्हणाले."

"अन् तुम्ही?"

"मी बाजूलाच बसलो होतो."

वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला.