गोदीला मिळालेले आठ महिने

डॉक्टरांनी काचेची नळी दिव्यावर धरली. आत निळे पाणी होते आणि त्यात माझ्या मुलीच्या लघवीचे थेंब टाकलेले होते. उकळी फुटली तसा निळा रंग गढूळ झाला आणि बघता बघता विटेसारखा लाल. "मास्तर, हा डायबेटिस," ते म्हणाले. डायबेटिस म्हणजे मधुमेह. शरीराला साखर वापरता येत नाही, ती लघवीवाटे निघून जाते, आणि पोटभर जेवूनही माणूस वाळत जातो.

मी ठाण्याच्या शाळेत मास्तर. नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प करणारा, पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर वर्गातल्या पोरासारखा हात बांधून बसलो. गोदी पंधरा वर्षांची, कल्याणला दिलेली. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडून तिला माहेरी पाठवले होते: मुलगी दिवसात घागर रिकामी करते, मोरीत मुंग्या लागतात, औषधपाणी करून परत पाठवा.

"किती दिवस आहेत?" मी विचारले.

"या वयात झाला की वर्ष, फार तर दोन. याला औषध अजून निघालेले नाही. तुम्हाला खोटे सांगणार नाही."

घरी येऊन हिला, गोदीच्या आईला, सांगितले. मुलगी आजारी आली त्याच दिवशी हिने देवीला नवस बोलला होता की पोर बरी होऊ दे, तिची गुळाने तुला करीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गोदी आणि दुसऱ्यात तिच्या भारंभार गूळ. साखरेच्या रोगाला गुळाचाच नवस. मी म्हटले, मिठाने तुला करू, देवी समजून घेईल.

"देवीला दिलेला शब्द फिरवायला ती काय तुमची शाळा आहे?" ही म्हणाली.

पथ्य कडक होते. भात, पोळी, साखर, बटाटा बंद. ताक, तूप, पालेभाजी चालेल. आणि मासे, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात ते शिजवायचे कुठे, हाच प्रश्न पडला. शेवटी हिने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. कोपरीची एक कोळीण पायरीवर बसून कसे करायचे ते सांगे आणि ही नाकाला पदर लावून करी. पहिल्या दिवशी गोदी ताटाकडे नुसती बघत राहिली. "खा गो बाय, लाजू नको," कोळीण म्हणाली. गोदीने डोळे मिटून घास घेतला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी आणखी मागितले.

डॉक्टरांनी मला निळ्या पाण्याची बाटली दिली आणि लघवीची परीक्षा शिकवली. दर रविवारी मी नळी तापवायचो. लाल. पुन्हा लाल. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ते रविवार सांगायला नकोत.

मग एका रविवारी नळी उकळली आणि पाणी निळेच राहिले. मला वाटले, माझेच काहीतरी चुकले. दुसऱ्यांदा केले, तरी निळे. तसाच अनवाणी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी स्वतः तीनदा करून पाहिले आणि खुर्चीत मागे टेकले.

"याला रेमिशन म्हणतात," ते म्हणाले. म्हणजे रोगाने आपणहून घेतलेली माघार. "नुसत्या पथ्याने इतके होत नाही. का झाले, मला माहीत नाही. पण बरी झाली असे म्हणू नका, मास्तर. हा परत येतो." एवढा शिकलेला माणूस माहीत नाही म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी देवळात फारसा जाणारा नव्हे. त्या दिवशी रस्त्यातच हात जोडले, कुणाला ते मलाही ठाऊक नव्हते.

तुला झाली. मिठाच्या वखारीतला मोठा तराजू देवळापुढे टांगला. गूळ हिने अंदाजाने आणला होता, आजारी गोदीला उचलून माजघरात नेले होते त्या अंदाजाने. सगळ्या ढेपा चढवल्या तरी गोदीचे पारडे जमिनीवरून हलेना. वाण्याकडून आणखी दोन ढेपा आणाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते उचलले. ही रडत होती आणि मीही माझे रडू लपवले नाही. गोदीने सगळ्यांना गूळ वाटला, स्वतः कणही न खाता हात धुतले, आणि घरी जाताना म्हणाली, "तात्या, मला कल्याणला कधी पाठवता?"

"अजून थांब थोडी. इथे डॉक्टर आहेत, परीक्षा आहे. चार महिने बघू."

"डॉक्टर तुमच्याशी बोलले ते त्यांनी मलाही सांगितलंय, मी विचारलं म्हणून. तो परत येणार. तोवर मी इथे बसून त्याची वाट बघू का?"

मी तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. मुलीवर नव्हे, तिचे खरे होते यावर राग होता. चौथ्या दिवशी तिला आगगाडीने कल्याणला पोचवले. जावई स्टेशनावर आले होते. ती त्यांच्यामागून चालू लागली, आणि मागे वळून बघायचे तिच्या लक्षातही राहिले नाही.

आठ महिने तिची पत्रे आली. सासूबाईंनी पथ्याचे वेगळे करायला परवानगी दिली. अळवाची भाजी केली, ती सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली. शेजारच्या दोन मुलींना ती अक्षरे शिकवू लागली. कुठल्याच पत्रात आजाराचे अक्षर नव्हते.

मग तहान परतली. निरोप येताच आम्ही कल्याणला पोचलो, तेव्हा तिच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास येत होता; हा रोग टोकाला गेल्याची ती खूण. शेवटी कोमा, म्हणजे हाक मारूनही न उतरणारी झोप. सहाव्या दिवशी ती गेली.

तो रोग आठ महिने का थांबला, हे मला अजून कळलेले नाही, आणि त्याचा अचंबा अजून ओसरलेला नाही. तुमच्या घरी असे दिवस आले तर ते राखत बसू नका. ज्याचे आहेत त्याला देऊन टाका. मी दिले, आणि त्याचा पस्तावा मला एक दिवसही झाला नाही. रडू येते, ते निराळे.