धोंडूमामांचा उतार

धोंडूमामा गेल्याची बातमी, कंपनीच्या बागेत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसानं शाळेत येऊन दिली. मी तासावर होतो. वर्गाबाहेर उभं राहून त्यानं दोन दिवसांच्या तापाची हकीगत सांगितली आणि शेवटी मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "गरीब माणूस होता हो, गुरुजी. डोंगरात उपाशी मेला असता. कंपनीनं जगवला त्याला." बिचारा मनापासून बोलत होता. मीही मान हलवली. पण दहाव्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर आलं. कुणी त्याला "अडाणी, पण सरळ" अशी जोड दिली, कुणी नुसतंच "भोळा" म्हणालं. इतके आठवडे झाले तरी ते माझ्या घशाखाली उतरत नाही. मामा जगतच होते. आधी त्यांचं जगणं काढून घेतलं गेलं आणि मग त्यांना नोकरी मिळाली. हा क्रम निदान कुठेतरी छापलेला असावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मामांचं गाव आंदर मावळात. सुट्टी लागली की मी कामशेतला गाडीतून उतरून पायी तिकडे जात असे. घराच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं आणि घरामागे सरळ वर चढत गेलेला उतार. त्या उतारावर नांगर चालत नाही, कुदळीनं खणावं लागतं. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली कारळे. कारळ्याच्या पिवळ्या फुलांनी घराची मागची बाजू उजळून जायची. मग मात्र उतार सोडून द्यायचा. पाच-सहा वर्षं तिथं कुदळ लावायची नाही. गवत वाढे, कारवी वाढे. छपराला आणि गुरांना लागेल तेवढं कापून आणायचं, पण मूळ उपटायचं नाही. तोवर पलीकडच्या लहान तुकड्यावर भागवायचं. "दमलीय ती, निजू दे," असं मामी म्हणायची, आणि लहानपणी मी तिथून खरोखरच आवाज न करता जात असे. कुणाचा तुकडा निजला आहे, कुणाचा जागा आहे, हे गावात कुणाला विचारावं लागत नसे. खाचरं मामांच्या नावावर होती. उतार वहिवाटीचा, पणजोबांच्याही आधीपासून त्याच घराचा.

पुढे खाली पिंपरीकडे कारखाने उठू लागले, रस्ते रुंद होऊ लागले आणि खडीला मागणी आली. एका ठेकेदाराला मामांचा उतार पसंत पडला. दगड चांगला आणि गाडीवाट जवळ. तालुक्याचे साहेब येऊन पाहणी करणार, ज्या जमिनीवर लागवड दिसेल ती सोडणार, बाकीची सरकारी पडीक ठरवणार, असं गावात कळलं. उतार सोडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा शाळेत शिकवू लागलो होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिथंच होतो. पाटील मुद्दाम घरी आले.

"धोंडिबा, साहेब यायच्या आत वर चार कुदळी मारून ठेव. पेरणीची तयारी चाललीय म्हनून सांगू."

"आन् पावसात समदी माती खाली आली म्हंजी?"

"येऊ दे की! जमीन तर ऱ्हाईल."

"माती गेल्यावर कंची जमीन, पाटील?"

पाटलांनी कपाळाला हात लावला. "तुझ्यापरीस म्हशीशी बोललेलं बरं. ती निदान मान तरी हलवती."

"मग तिलाच विचारा, उतार कुनाचा त्ये," मामा म्हणाले. मामीला हसू आवरेना. पण त्या रात्री ती जेवली नाही.

साहेब आले. उताराच्या पायथ्याशी छत्री धरून उभे राहिले. वर चढले नाहीत.

"काय पिकतं इथं?"

"औंदा काई न्हाई, सायेब."

"गेल्या साली?"

"गेल्या साली बी न्हाई. निजलीय ती."

साहेबांबरोबरचा कारकून फिसकन हसला. "जमीन झोपते होय रे? का तूच झोपतोस?"

"आमी बी निजतो, तुमी बी निजता," मामा म्हणाले. "तुमी निजल्यावर तुमचं घर कुनी पडीक म्हनून लिवतं का?"

लोक हसले. तेवढं एक हसू आमच्या वाट्याला आलं... बाकी सगळं ठेकेदाराच्या. उतार पडीक ठरला. मी मामांच्या वतीनं वर दाद मागितली. प्रत्यक्ष पाहणीत लागवड आढळली नाही, असं उत्तर आलं. पाहणी! उताराची राखण ज्या गवतात दिसत होती, त्याच गवताकडे बोट दाखवून त्यांनी मामांना निष्काळजी ठरवलं. मी शिकलेला माणूस आहे, पुस्तकांत वावरतो. पण आपल्या भाषेत 'पडीक' या शब्दाइतका निर्दय शब्द मला दुसरा माहीत नाही.

सुरुंग लागले. पावसाळ्यात सोललेल्या उतारावरून मुरूम आणि दगड घरंगळत खाली आले आणि भाताची खाचरं भरून गेली. एक वर्ष दोघांनी पाट्या वाहून ती उपसली. पुढच्या पावसात ती पुन्हा भरली. मग मामा मामीला घेऊन खाली पिंपरीकडे आले. कंपनीच्या बागेत त्यांना काम लागलं. तिथं वाफ्यात उघडी माती दिसली की मुकादम ओरडायचा. एक फूल सुकायच्या आत दुसरं लावायचं. "हितली माती कवा बसतच न्हाई रं," एवढंच मामा मला एकदा म्हणाले. याला भोळेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. चार कुदळी मारल्या असत्या तर कदाचित उतार वाचला असता, हे त्यांनाही कळत होतं. नसलेली पेरणी दाखवण्यासाठी दमलेली जमीन उघडी करायला ते तयार झाले नाहीत. मला हा माणूस भोळा वाटत नाही.

गेल्या रविवारी मामीकडे गेलो होतो. त्यांच्या खोलीसमोर खाटेएवढी जागा आहे. दोन वर्षं मामांनी तिथं वाल आणि मिरच्या लावल्या होत्या. यंदा काहीच लावलं नव्हतं, गवत माजलं होतं. शेजारी मराठवाड्याकडचा, भला गृहस्थ आहे. तो तिथं विटा मांडत होता.

"मामी, जागा रिकामीच पडली ना," तो म्हणाला, "म्हटलं, न्हाणी बांधून घ्यावी. तुम्हालाही व्हईल."

मामी उंबऱ्यात उभी होती. अख्ख्या दहाव्यात तिनं आवाज चढवला नव्हता.

"रिकामी कुनी सांगितली? त्यांनी ठेवलीय ती!"

"कशापायी, मामी?"

"फुडच्या सालापायी."

तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मामी खाली उतरली, वाकली आणि एकेक वीट उचलून बाहेर ठेवू लागली. मी पिशवी भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या टोकाकडून विटा उचलायला लागलो.