फ्लूच्या औषधाची बाटली

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी नाशिकहून सिन्नरला जाणाऱ्या बसमध्ये एक तरुण बाई माझ्या शेजारी बसली. मांडीवरचा दीड वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. इंदिरानगरच्या डॉक्टरांनी फ्लूचं औषध लगेच सुरू करायला सांगितलं होतं. उशीर झाला तर उपयोग कमी, असं ती म्हणाली. बाटली तिच्या मुठीत होती. आत कोरडी पावडर होती, तिच्यात पाणी घालायचं होतं. उकळून गार केलेलं पाणीही पिशवीत होतं.

ती मुलाच्या मानेला बोटं लावायची, मग तीच बोटं स्वतःच्या मानेला.

सासूचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "शेजारच्या पोराला त्या औषधानं उलट्या झाल्या. पाजू नको, सांगून ठेवते."

पुढच्या सीटवरच्या आजी वळल्या. "डॉक्टरनं दिलंय ना? मग पाज की! सासू काय डॉक्टर हाय?"

"दिलं आन् काय झालं, तर मी केलं म्हणतील," ती म्हणाली. "नाय दिलं, तर तापानं केलं म्हणतील."

आजी पुढे वळल्या.

सिन्नरच्या स्थानकावर ती उतरली. मुलाचे डोळे मिटलेले होते. बाटलीचं सील तसंच होतं.