देवानंदची शेवटची चाल

माझा धाकटा भाऊ देवानंद गेल्याचं मला मेडशीहून वाशीमला जाताना एसटीत कळलं. मी उतरले नाही. जायचं त्याच्याकडेच होतं.

तो गाणारा माणूस. विहारात, लग्नात, मयतीला, सगळीकडे त्याच्याच चाली. मग घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं... आवाज गेला, पण डोक्यातल्या चाली थांबेनात. त्याची मुलगी प्रज्ञा कॉम्प्युटर शिकलेली. दोघांनी मिळून असं बनवलं की स्वर टाइप केले की कॉम्प्युटर चाल वाजवतो. खालच्या सप्तकातल्या स्वराला एक खूण, वरच्याला दुसरी. आधी जवळपास प्रत्येक स्वराला खूण द्यावी लागे, त्याची बोटं दमत. म्हणून त्यानं नियम बदलला. खूण नसेल तर मागच्या स्वराला सगळ्यात जवळ पडेल तोच स्वर धरायचा. लांब उडी असेल तिथंच खूण.

तपासायला मी. शिकले चौथीपर्यंत, पण त्याच्या चाली मला पाठ. एकदा प वरून खालच्या सा वर यायचं होतं आणि खूण सुटली. प ला वरचा सा जवळ. कॉम्प्युटर वर गेला आणि पुढचं सगळं गाणं वरच राहिलं.

"काय रे, मांजरीच्या शेपटावर पाय देला का?" मी म्हणाले.

"आत्या, एक खूण राह्यली तं सारं गाणं चढते," प्रज्ञा म्हणाली.

देवानंद हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

हात थरथरू लागल्यावर त्यानं एक नवी चाल लिहिली. ती वाजवून पाहिली की नाही, देव जाणे म्हणायचीही आम्हां बौद्धांत सोय नाही. पुण्यानुमोदनाला, मयतीनंतरच्या त्याच्या कार्यक्रमाला, प्रज्ञानं ती लावली. अर्ध्यात चाल एकदम वर उडाली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. माणसाचा गळा पोचत नाही तिथं.

"खूण सुटली त्याची," मी म्हणाले. "खाली घे."

"अन् बाबाले तसंच पाह्यजे असन तं?"

"कोन गाईन थे?"

"बाबाले तरी कुठं गाता येत होतं, आत्या?"

जुन्या चाली मी त्याच्या गळ्यातून ऐकल्या होत्या. ही कुणीच ऐकलेली नव्हती. आणि ज्याला विचारायचं, त्याला आम्ही जाळून आलो होतो.

प्रज्ञानं काही बदललं नाही. मी वाशीमला गेले की ती त्याच्या खोलीत चाल लावते. मी सोबत गाते, त्या उडीपर्यंत. मग तोंड मिटून बसते... पुढचं एकटंच वाजत राहतं.