नऊ वजनकाटे

आमच्या साखर कारखान्यात सर्व्हर नऊ. त्यांची खोली इतकी गार की पिकलेली केळी ठेवली तर परत हिरवी व्हावीत. त्या खोलीत मी मफलर गुंडाळून नोकरी केली, आणि ऐन गळीत हंगामात नऊच्या नऊ सर्व्हरांची ऑपरेटिंग सिस्टिम एका सकाळीत बदलून देतो, असं साहेबांना बोलून बसलो.

रीत अशी की एका मशीनवर नवी सिस्टिम बसवायची, तपासायची आणि तिचीच नक्कल बाकीच्यांवर चढवायची. पहिलं मशीन कोरं घेतलेलं बरं. पण साहेबांनी विचारलं, "दसऱ्याला नारळ कुणापुढे फोडला?"

वजनकाट्याच्या सर्व्हरपुढे. त्याच्या कपाळी हळदकुंकू अजून होतं.

"मग शुभारंभ तिथूनच."

अकरापर्यंत नक्कल आठही ठिकाणी चढली आणि काटा बंद पडला. मी काट्याची वायर बदलली, पडदा बदलला, साहेबांनी दुसरा नारळ मागवला. खरं कारण मला तीन वाजता कळलं. नकलेबरोबर वजनकाट्याचं नाव आणि नेटवर्कवरचा पत्ताही सगळीकडे गेला होता. ते बदलायचं मी विसरलो होतो. नऊही सर्व्हर सांगत होते, काटा मीच. हजेरीचा सर्व्हर तर, खोटं सांगत नाही, कामगारांची हजेरी टनात मांडत होता.

तोवर बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग म्हसावद गावाला टेकली होती. पहिल्या ट्रॉलीचे मालक, माझ्या वडिलांच्या वयाचे शेतकरी, पाचव्यांदा खिडकीशी आले.

"भाऊ, ऊस कालदिन तोडेल शे. उन्हात सुकी ऱ्हायना. वजन घटी जाई."

"दहा मिनिटं, बाबा."

"तुम्हना दहा मिनिट सकायपासून चालू शेतस."

मी आठ सर्व्हरांच्या नेटवर्कच्या वायरी उपटल्या. एकटा उरल्यावर काट्याचा सर्व्हर शहाण्यासारखा वागू लागला. बाकीच्यांना नवी नावं देत बसायला पुढचे दोन दिवस होतेच.

मी काट्यापाशी आलो तोवर पहिली ट्रॉली वर चढली होती. बाबा उसाच्या मोळ्यांवर मांडी घालून बसलेले.

काट्यावर वजन घ्यायला शहाद्याचे एक चाचा असायचे. सगळा हंगाम त्यांनी कुणाची साधी पिशवीही ट्रॉलीवर राहू दिली नव्हती. ते म्हणाले, "काका, खाली या. माणूस उसात धरत नाहीत."

"ऊस तुम्ही सुकाडा. जितला सुकना, तितला मी बठनू."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मफलर सोडून घडी करत होतो.

"बेटा, वर कोण बसलंय ते तुझ्या नव्या मशीनला कळतं?"

"नाही, चाचा."

"मग मला कुठून कळणार," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पावती निघेपर्यंत मागच्या ट्रॉलीवर अख्खं कुटुंब चढलं होतं.