फोटो आहे, फाशी नाही!

फोटो स्टुडिओत काम करणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून येऊन समोरच्या स्टुलावर बसतात! निगेटिव्ह ठेवायला आमच्याकडे पाकिटं होती, पाकिटांवर नंबर होते. किस्स्यांसाठी तशी काही सोय नव्हती. ते माझ्याच डोक्यात साठत गेले, आणि आता चार मैत्रिणी जमल्या की सांडतात.

कसब्यातल्या एका बोळात अण्णांचा स्टुडिओ होता. फोटो अण्णा काढायचे. समोरच्याची कॉलर सरळ करणं, केस बसवणं आणि धीर देणं, हे माझं खातं. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला सॉफ्टवेअरमध्ये जायचं होतं. जवळच्या एका ज्युनियर कॉलेजने त्याच सुमारास टूम काढली, की बारावीच्या प्रत्येकाचा सुटा फोटो स्मरणिकेत छापायचा. झालं! दर जानेवारीत प्रिलिम संपली की आमच्या दारात रांग.

पोरं कॅमेऱ्यासमोर अशी बसायची, जणू आता इंजेक्शनच टोचणार आहेत. म्हणून मी सूचनांचा एक कागद झेरॉक्स करून कॉलेजात पाठवला. आदल्या दिवशी केस कापू नका. नवा कोरा शर्ट नको. आरशासमोर थोडा सराव करा.

ही शेवटची सूचना निखिल नावाच्या मुलाने फारच मनावर घेतली. दहा दिवस, रोज सकाळी, दात घासून झाल्यावर सराव! दारातून आला तोच हसत. स्टुलावर बसला, हसत. मी त्याची कॉलर ओढली, तरी हसत. मधेच त्याला सणसणीत शिंक आली. शिंक गेली, हसू जागच्या जागी!

अण्णा कॅमेऱ्याआडून म्हणाले, "अरे, हे तुला पाठ झालंय. विसर आता."

"विसरता येत नाहीये, काका," तो त्याच हसऱ्या तोंडाने रडकुंडीला आला.

"घरात कुणाला दाखवलंस का?"

"आजीला."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, दाढ दुखतीय का रे?"

हे सांगता सांगता त्याचं त्यालाच हसू फुटलं. खटॅक! तो फोटो आम्ही काचेच्या कपाटात लावला होता.

* * *

स्टुडिओत एक निळा ब्लेझर होता. एकच. चांगल्या दणकट अंगाच्या माणसासाठी शिवलेला. बारीक पोरांना तो बाजल्यावर चादर टाकल्यासारखा दिसायचा, म्हणून मी मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो घट्ट करायचे. समोरून बघाल तर साहेब!

धायरीहून एक मुलगा यायचा, दत्ता. "ताई, आमच्याकडं कुणाकडंच असला कोट न्हाई," म्हणत त्याने ब्लेझर चढवला. मी मागे सहा चिमटे लावले. फोटो झकास आला. पण त्याला स्वारगेटहून बस गाठायची होती. घाईघाईत दप्तर उचललं आणि गेला निघून, ब्लेझरसकट!

पाऊण तासाने घामाघूम होऊन परत आला. चेहरा पडलेला.

"अरे, बसमध्ये लक्षात आलं का?" मी विचारलं.

"माझ्या कुठलं! कंडक्टरच्या आलं. सगळ्या बसपुढं म्हणाला, काय रे, आईनं तुला वाळत घातला होता, तो तसाच उठून आलास का?"

* * *

एक गृहस्थ मुलाला टाय बांधूनच घेऊन आले. थोरला मुलगा अमेरिकेत पोचलेला, त्यामुळे धाकट्याचं सगळं आधीच ठरलेलं. मुलाला बोलायची संधी नव्हतीच. तो बिचारा टायमध्ये मान अवघडून बसला होता.

"फोटो असा काढा," गृहस्थ म्हणाले, "की स्मरणिकेला चालेल, इंजिनीअरिंगच्या फॉर्मला चालेल, पुढे व्हिसाला चालेल आणि नंतर स्थळं बघतानाही चालेल. पुन्हा पुन्हा यायला नको."

अण्णांनी शांतपणे लेन्स पुसली. "चालेल की. एवढी सगळी कामं झाल्यावर फोटोला एकच काम उरतं. त्याला हार आपला आपण आणा."

मला वाटलं, आता हे भांडणार. तेवढ्यात टायमधून फसकन आवाज आला. मुलगा हसत होता, आणि काही केल्या थांबत नव्हता. अण्णांनी ओळीने चार फोटो उरकले.

गृहस्थ हळूच मला म्हणाले, "हा असा हसतो, हे मला ठाऊकच नव्हतं हो."

* * *

आता माझी फजिती सांगते. अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि मी क्लास लावून फोटोवरचे डाग काढायला शिकले. नवं शस्त्र हातात आलं की माणूस काय करतो, ते मी केलं. पुटकुळ्या उडव, डोळ्यांखालचं काळं उडव, दिसेल ते उडव!

अमृता नावाच्या मुलीच्या गालावर जन्मापासून मोठा जांभळट डाग होता. मी तो इतका बेमालूम काढला की स्वतःवरच खूश झाले. प्रिंट बघून तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती छान दिसतीये!" अमृता फोटो घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी एकटीच आली. फोटो टेबलावर ठेवला.

"ताई, हॉलतिकिटावर डाग आहे, स्मरणिकेत नाही. मग बारावीला बसलंय कोण?"

मी अण्णांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "तुला विचारतीये ती."

मी तिला सॉरी म्हटलं. कॉम्प्युटरमधला मूळचा फोटो पुसून बसले होते, म्हणून निगेटिव्ह परत स्कॅन केली. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसली, माझ्यावर लक्ष ठेवायला! स्क्रीनवर फोटो उमटू लागला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे, मग गाल.

"हं," अमृता म्हणाली. "आले मी."

* * *

कॉलेजातून मुलांच्या तुकड्या घेऊन यायच्या त्या सुमनबाई. तिथे शिपाई होत्या. मूळच्या वर्ध्याकडच्या, नवरा कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आलेल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि आवाज असा खणखणीत, की पार बोळाच्या तोंडापर्यंत जायचा. "ताठ बस ना रे बाप्पा! फोटो आहे, फाशी नाही!"

एका वर्षी शेवटच्या तुकडीची यादी आली. चाळीस नावं टाइप केलेली, एक्केचाळिसावं पेनाने लिहिलेलं. चाळीस फोटो झाले आणि अण्णांनी पुकारा केला, "सुमन वानखेडे!"

कुणी पुढे येईना. दारात पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती.

"हे कोणी लिहिलं?" सुमनबाईंचा आवाज एकदम खाली आला.

एक मुलगी पुढे झाली. "बाईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून बारावीला बसतायत, आमच्याच वर्षी. मधल्या सुट्टीत आम्हीच त्यांचं इंग्रजी घेतो. मग फोटो आमच्यातच पाहिजे ना?"

"काहीही करता बाप्पा! प्रिन्सिपल सर काय म्हणतील मला?"

"सरांची सही आहे खाली."

होती. अण्णांनी यादी त्यांच्यासमोर धरली. सही त्यांनी दोनदा पाहिली आणि गप्पकन स्टुलावर बसल्या. मी त्यांचा पदर सारखा केला. अण्णा म्हणाले, "बाई, किल्ल्या खाली ठेवा." त्यांनी ठेवल्या. मग हातांचं काय करावं, ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवून पाहिले, बाजूला सोडून पाहिले. खांदे आकसत चालले.

"साहेब, किल्ल्या घेऊ का हातात?"

"घ्या."

किल्ल्या हातात आल्या आणि बाई ताठ बसल्या. थेट कॅमेऱ्यात पाहिलं. खटॅक!

स्मरणिकेत प्रत्येक फोटोखाली एक ओळ असायची, पुढे काय व्हायचंय ती. वहीत लिहून घेणं माझ्याकडे. त्या तुकडीत तीस सॉफ्टवेअर इंजिनीअर, सात डॉक्टर, दोन कलेक्टर आणि एक पायलट होता.

"सुमनबाई, तुमच्या खाली काय लिहू? पुढे काय व्हायचंय?"

बाई विचारात पडल्या.

"पास," सुमनबाई म्हणाल्या.