‘नुरा’ मी म्हणालो होतो

आमच्या घरासमोरच्या पानपट्टीवर संध्याकाळी काही तरणी पोरं मोबाईलवर परदेशातली कुस्ती बघत बसतात. चकचकीत चड्ड्या, दोऱ्यांचा चौक, खुर्च्यांनी एकमेकांना बडवणं, नुसता आरडाओरडा. मी तिथून निघालो की एखादा हमखास म्हणतो, “तात्या, या, बसा. पण मनाला लावून घेऊ नका, सगळं ठरवून असतंय.”

म्हाताऱ्याला हे आवडत नसणार असं त्यांना वाटतं. मला ती कुस्ती आवडते. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं हे ते लोक लपवत नाहीत. आणि तेवढा थोरला गडी दोरीवरून उलटा खाली येतो तेव्हा आपटते ती पाठ त्याची स्वतःची असते. मला राग येतो तो या पोरांचा. तंबाखू मळत मळत ती जगाचा निकाल लावतात. क्रिकेटमध्ये झेल सुटला की खेळाडू विकला गेला. कबड्डीत चढाई फसली की सेटिंग. मोबाईलवर स्वतः संघ लावलेला असतो, तो बुडाला की मैदानातली सगळी माणसं चोर. यांच्यातल्या एकानंही आयुष्यात कधी लंगोट आवळलेला नाही. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बघायची आणि एखाद्याच्या वीस वर्षांच्या मेहनतीवर थुंकायचं.

हे मी तोंडावर बोलतो. ती हसतात. त्यांना ठाऊक नाही की या बाबतीत सगळ्यात मोठा गुन्हेगार त्यांच्यासमोर काठी टेकून उभा आहे.

आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. दोघांनी आधीच बोलून घ्यायचं, मातीत थोडी खडाखडी दाखवायची आणि बरोबरीत सुटायचं. मैदानात पैलवानाला आईवरून शिवी दिली तरी तो एखाद वेळ गिळेल, पण नुरा म्हटलेलं त्याला पुसता येत नाही. पडलेला पैलवान पुढच्या जत्रेला परत येतो. नुरा म्हटलेल्याला कुणी बोलावतच नाही.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या बदल्या झाल्या आणि जिथे गेलो तिथलं एकही मैदान मी सोडलं नाही. स्वतः कधी लढलो नाही. पण बघून बघून नजर तयार झाली होती. निदान मला तसं वाटायचं, आणि लोकांनाही. मैदानात माझ्याभोवती माणसं मुद्दाम येऊन बसायची. “तात्या, कोण मारंल?” असं विचारायची. त्या विचारण्याची मला चटक लागली होती.

आमच्या गावचा एक पैलवान होता. पलूसकडच्या आमच्या पट्ट्यात जैन शेतकऱ्यांची बरीच घरं आहेत, त्यातल्या एकाचा मुलगा. घरात मटण नाही, अंडं नाही. दूध, तूप, बदाम आणि भाकरी यांवर त्यानं असं अंग कमावलं होतं की बघत राहावं. मैदानात टवाळ लोक ओरडायचे, “ए वरणभात, दमलास का रं?” तो मान वर करून बघायचाही नाही. समोरच्याला चीत करायचा, मुजरा करायचा आणि बाहेर यायचा.

आमच्याच जत्रेत त्याची शेवटची कुस्ती लागली. समोर कवठे महांकाळकडचा गडी, तोही चांगला. सलामी झाली, पहिल्याच झटापटीत दोघं मातीत गेले आणि उठले. त्यानंतर कुस्ती रंगेचना. दोघं डोक्याला डोकं लावून उभे. हलगी वाजून वाजून थकली. मग मला दोन गोष्टी दिसल्या. आमच्या पैलवानाचं तोंड समोरच्याच्या कानाशी होतं आणि ओठ हलले. आणि समोरच्याची उजवी बाजू सताड उघडी पडली असताना आमचा त्या बाजूला जाईना. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पोरासोरालाही तिथून पकड घेता आली असती.

माझ्याशेजारच्या कुणालाही हे दिसलं नव्हतं. ते नुसते कंटाळले होते. ज्याला कळतं असं सगळे मानत होते त्याला, म्हणजे मला, ते दिसलं. मी उठून उभा राहिलो आणि घसा ताणून ओरडलो, “नुरा हाय! कानात बोलत्यात! सोडवा!”

एवढंच. मग सगळं मैदान उठलं. नुरा, नुरा. मातीची ढेकळं गेली, चपला गेल्या. पंचांनी कुस्ती सोडवली. निवेदकानं ध्वनिक्षेपकावरून दोघांनाही मैदानाबाहेर जायला सांगितलं, तेही हिणवून. आमचा पैलवान माझ्यासमोरून गेला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्या क्षणी खुशीत होतो, हे लिहायला आज हात जड होतो. लोक माझी पाठ थोपटत होते. “तात्याची नजर म्हंजे नजर!”

चारच दिवसांनी बायकोचा गुडघा दाखवायला तिला घेऊन मिरजेला गेलो. दवाखान्याच्या बाकावर तोच कवठे महांकाळचा गडी बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्यानंच मला ओळखलं.

“आवं काका, तुमीच न्हवं का उठून वरडला?”

मी ताठ्यात म्हणालो, “व्हय. दिसलं ते बोललो.”

तो हसला. त्याला राग कसा येत नाही हेच मला आधी कळेना. म्हणाला, “पयल्याच धडकंला खांदा निखळला माझा. त्यानं वळखलं. कानात म्हणला, गड्या, तुझा हात गेलाय, पंचाला सांगू का? मी म्हणलो, सांगू नगंस, फौजेची भरती तोंडावर आलीया. खांदा जातोय म्हणून कळलं तर डाक्तर उभा करून घ्यायचा न्हाई मला. तवा तो म्हणला, मग मी त्या अंगाला येत न्हाई. दुसऱ्या अंगानं जमंल तशी करू.”

“मग मागनं तरी सांगायचं लोकांना!”

“कसं सांगणार? त्यानं शब्द दिलाय. तो तर अजून एका शब्दानं बोलला न्हाई कुठं. तुमीबी बोलू नका काका, भरती होऊस्तवर.”

बायको शेजारीच बसून सगळं ऐकत होती. परत येताना एसटीत ती एकच वाक्य बोलली. “वरडायला कुणी बोलवलं हुतं तुमास्नी?”

भरती होईपर्यंत मी गप्प राहिलो, त्याबद्दल मला कुणी दोष देणार नाही. पण तो गडी भरती झाला, फौजेत गेला, त्याचं लग्न झालं. तरी मी गप्पच. सांगायचं म्हणजे तात्याची नजर चुकली असं सांगायचं. तेवढं मला जमलं नाही. इकडे आमच्या पैलवानाला एकाही जत्रेचं बोलावणं येईना. जोड ठरवताना कुणीतरी म्हणायचं, “तो नुरावाला व्हय? नगं.” त्यानं वर्षभर वाट बघितली असेल, मग लंगोट खुंटीला लावला आणि उसात राबायला लागला. रस्त्यात भेटला की “काय काका?” म्हणायचा. त्यानं ओळख सोडली असती तर मला सोपं गेलं असतं.

फौजेतला गडी यंदा पेन्शन घेऊन गावी परतला. आणि त्याच सुमारास आमच्या तालमीचे वस्ताद थकले म्हणून नवा वस्ताद नेमायची वेळ आली. पोरांनी स्वतःहून एकच नाव पुढे केलं, आमच्या या पैलवानाचं. तोही तयार होता. त्याला हे काम किती हवं होतं ते मला त्याच्या आईकडून कळलं. तिनं देवळात बायकोला सांगितलं, तो पहाटे उठून घराच्या मागं पुन्हा जोर मारायला लागलाय.

ग्रामपंचायतीत तालमीच्या कमिटीची बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, “माणूस चांगला हाय. पण नुरावाल्याच्या हातात पोरं द्यायची म्हंजे लोक काय म्हणतील?”

सगळे माना हलवायला लागले. यातले निम्मे त्या मैदानात नव्हते. काही तर तेव्हा पाळण्यात होते. तरी सगळ्यांना पक्कं माहीत. मी उठलो. खांदा, कानातलं बोलणं, भरती, मिरजेचा दवाखाना, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की पहिला शब्द माझा होता आणि तो चुकीचा होता. फौजीला फोन लावा, म्हणालो. लावला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “खरं हाय. त्याच्यामुळं मी नोकरी केली.”

मग चिटणीस, चुणचुणीत पोरगा, पुण्यात शिकलेला, म्हणाला, “पण तात्या, मग ती नुराच झाली की! एका बाजूनं जायचं न्हाई असं दोघांनी ठरवलंच ना?”

माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणसाचा निखळलेला हात पिरगाळायचा नाही, याला ठरवून केलेली कुस्ती म्हणायचं असेल तर आग लावा तुमच्या मैदानांना, असं शेवटी म्हणालो ते आठवतं. कुणीतरी मला पाणी दिलं. अध्यक्ष म्हणाले, जत्रा झाल्यावर बघू.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या रानात गेलो. तो उसाला पाणी पाजत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं तो निदान बसा तरी म्हणेल. त्यानं दाऱ्यातलं खोरं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “काका, तुमी बैठकीत बोलला. बैठकीत किती माणसं असत्यात? मला नुरा म्हणला तवा मैदान भरलं हुतं.”

“मग काय करू, सांग.”

“मैदानात म्हणला, मैदानात माघारी घ्या.”

“तुला मिरजेचं ठाऊक हुतं?”

“त्यानं तवाच सांगितलं हुतं मला. म्हणला, त्या काकांना सगळं बोललोय. मी म्हणलो, झालं तर मग. मानूस हाय, सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल.” एवढं बोलून तो पुन्हा पाण्याकडे वळला. त्याचा आवाज चढलाही नव्हता. तो चढला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते.

यंदाच्या जत्रेत मी निवेदकाकडे ध्वनिक्षेपक मागितला. तो देईना. म्हणाला, पाहुण्यांचे सत्कार राहिलेत. सत्काराला वेळ आहे, नारळ-शाल-फेट्याला आहे, पुढाऱ्यांच्या नावांना आहे. मी त्याच्या हातातून ओढूनच घेतला. म्हणालो, याच मैदानात मी एका पैलवानाला नुरा म्हणालो होतो, ते खोटं होतं. समोरच्याचा खांदा गेला होता आणि त्याला जपायचं म्हणून यानं तो हात धरला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. दोनदा सांगितलं. मधे हलगी सुरू झाली. मागून ओरडले, “तात्या, बसा खाली! कुस्ती लावा!” किती जणांनी ऐकलं, मला सांगता येणार नाही. ओरडलो होतो तेव्हा एका शब्दात सगळं मैदान उठलं होतं. आता इतकं बोललो तर शेजारचा माणूस शेंगा सोलत होता. म्हणून लिहून ठेवतोय. निदान वाचणाऱ्याला हलगी आडवी येणार नाही.

कमिटीनं त्याला नेमलं. पण कसं? एक वर्षासाठी, बघू म्हणून. ज्याला विनापुरावा बाहेर काढलं त्याला पुरावा मिळाल्यावर वर्षभर तपासणार. मला पुन्हा भांडायचं होतं, पण तोच म्हणाला, राहू द्या.

तालीम सुरू झाली त्या संध्याकाळी मी गेलो. दारात उभा राहून विचारलं, कट्ट्यावर बसू का? जुना वस्ताद असताना मी रोज तिथे बसायचो, पोरांच्या चुका काढायचो.

त्यानं पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “त्यांनी मला वरीसभर बघायचं ठरवलंय, काका. तवर मीबी तुमास्नी बघतो. वरसानं या.”

पोरं खाली मान घालून हसली. मी फणफणत घरी आलो आणि बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल.

ती म्हणाली, “वरीस? मी त्या एसटीपास्नं बघतीया तुमास्नी. माज्यापरीस लवकर सोडलं की त्यानं.”